मुक्त, मोफत आणि पेटंट : काही शब्द, काही अक्षरे

तंत्रविद्येच्या वार्ता देणाऱ्या मराठी स्तंभांत तीन शब्द नेहमी एकमेकांच्या शेजारी आढळतात : मुक्त, मोफत आणि पेटंट. पैकी पहिले दोन समानार्थी समजले जातात आणि तिसरा त्यांचा वैरी समजला जातो. ह्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत; आणि ही चूक केवळ कोशापुरती राहत नाही. एखादे कार्यालय, विद्यापीठ वा ग्रामपंचायत आपली दप्तरे कोणत्या सॉफ्टवेअरच्या स्वाधीन करते, हे पुष्कळदा ह्या शब्दांच्या समजुतीवरच ठरते. प्रस्तुत लेखात प्रथम ह्या शब्दांचा आणि नंतर रोहिणखेड ह्या एका ग्रामनामाच्या आधाराने त्यांच्यामागील वस्तुस्थितीचा विचार करावयाचा आहे.

इंग्रजीतील 'फ्री' हा शब्द स्वातंत्र्य आणि फुकटेपणा ह्या दोन अर्थांचे ओझे एकट्याने वाहतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणजे फुकटचे सॉफ्टवेअर नव्हे, हे त्यांना आणि त्यांच्या अनुयायांना पुनःपुन्हा सांगावे लागले आहे. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हा शब्दप्रयोग पुढे आला, त्यामागे अन्य कारणांबरोबर ही द्व्यर्थकता टाळण्याचाही हेतू होता. मराठीत ही अडचण मुळातच नाही. मुक्त आणि त्याच शब्दाचा प्राकृतमार्गे आलेला वंशज मोकळा हे बंधनाविषयी बोलतात. फारसीतून आलेला मोफत हा किमतीविषयी बोलतो. आणि फुकट हा किमतीविषयी बोलता बोलता घेणाऱ्याच्या स्वभावाविषयीही थोडे बोलून जातो. इतकी साधनसंपत्ती घरात असताना 'अमुक आज्ञावली मुक्त, म्हणजेच मोफत' असे लिहिणे म्हणजे इंग्रजीची अडचण भाषांतराच्या खर्चाने आयात करणे होय.

भेद समजण्यास स्वयंपाकाचा दृष्टान्त पुरेसा आहे. लग्नातले जेवण पाहुण्यास मोफत असते. पण बासुंदीत काय घातले, हे आचारी सांगतीलच असे नाही. ही मोफत परंतु बंद वस्तू झाली. उलट, कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे १९७० मध्ये निघालेले पुस्तक पैसे मोजून घ्यावे लागते. पण एकदा घेतल्यावर त्यातील कृतीने कोणीही पदार्थ करावा, गूळ वाढवावा, तिखट कमी करावे आणि शेजारणीलाही शिकवावे. ही विकत परंतु मोकळी वस्तू झाली. आज्ञावलीच्या बाबतीत 'स्रोत' म्हणजे ही कृती, आणि संगणकावर चालणारी तयार आज्ञावली म्हणजे पानात वाढलेला पदार्थ. मुक्तस्रोताचा प्रश्न कृतीविषयीचा आहे. पानाच्या दराविषयीचा नाही. ह्याच दृष्टान्तातून आणखी एक भेद हाती लागतो. 'रुचिरा'तील मजकूर लेखिकेच्या स्वामित्वहक्काचा, तो छापून विकता येत नाही. परंतु त्यात सांगितलेली कृती करण्यास तो हक्क आडवा येत नाही. स्वामित्वहक्क शब्दांवर असतो, पेटंट कृतीवर असते. वार्ताहरांच्या लेखणीत हे दोन्ही हक्क सर्रास एकमेकांच्या जागा घेतात.

आता पेटंट ह्या शब्दाकडे वळू. त्याची व्युत्पत्ती पाहिली, तर मुक्तस्रोताच्या पुरस्कर्त्यांना आणि पेटंटधारकांना सारखाच संकोच वाटावा. कारण त्याच्या मुळाशी 'उघडे असणे' ह्या अर्थाचा लॅटिन धातू आहे. मोहर खाली लोंबती ठेवून, ती न फोडता कोणालाही वाचता येईल असे राजाचे जे उघडे पत्र, त्यास इंग्रजीत 'लेटर्स पेटंट' म्हणत. व्हेनिसने १४७४ मध्ये नव्या युक्त्यांना मुदतबंद संरक्षण देणारा कायदा केला. इंग्लंडमध्ये १६२४ च्या कायद्याने राजाच्या मर्जीतील मक्ते मोडून काढले आणि नव्या शोधांस मात्र १४ वर्षांची मुदत राखून ठेवली. ह्या व्यवहाराचे स्वरूप देवघेवीचे आहे : शोधकाने आपली कृती जगापुढे मांडावी, आणि त्याबद्दल काही वर्षे ती वापरण्याची मनाई इतरांवर घालण्याचा अधिकार घ्यावा. म्हणजे पेटंटचा विरुद्धार्थी शब्द 'मुक्त' नव्हे. तो 'गुप्त' होय. पेटंटची कृती कोणीही वाचावी. करू मात्र नये. बंद सॉफ्टवेअरची कृती वाचताही येत नाही. मुक्तस्रोतात वाचणे, करणे व बदलणे ही तिन्ही मोकळी असतात. किंमत, गुप्तता आणि अनुज्ञा हे तीन प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, इतके जरी वार्ता वाचताना ध्यानात ठेवले, तरी निम्मा गोंधळ दूर होतो.

मराठीने ह्या शब्दाचे काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. आपल्याकडील सनद ही राजपत्र ह्या नात्याने त्याच्या जवळची. परंतु सनदेने मिळणारे वतन बहुधा वंशपरंपरेने चाले आणि पेटंट मुदतीने संपते. मुदतीच्या दृष्टीने मक्ता किंवा इजारा अधिक जवळचा; पण मक्त्यात नवे काही शोधून काढण्याची अट नसते. परिभाषाकारांनी 'एकस्व' हा शब्द योजला. तो आटोपशीर आहे, मालकीही नेमकी दाखवितो. मात्र मूळ शब्दातील उघडेपणा त्यात पार लोपला आहे. बोलभाषेने ह्याहून धाडसी काम केले. 'त्यांची ती पेटंट सबब', 'ह्यांचा पेटंट विनोद' असे आपण म्हणतो, तेव्हा पेटंट म्हणजे ठरीव, शंभरदा ऐकलेले. कायद्यात ज्या गोष्टीस पूर्वी कोणी पाहिले नाही तीच पेटंटला पात्र. बोलण्यात जी सर्वांनी पाहून कंटाळा आणला तीच पेटंट. एका शब्दाने इतक्या सहजतेने आपल्या अर्थाची उलटापालट करून घ्यावी, अशी उदाहरणे अर्थविचाराच्या तासाला शोधून सापडत नाहीत.

भारतात शोधांच्या संरक्षणाचा पहिला कायदा १८५६ चा, पुढचा महत्त्वाचा १९११ चा आणि आजचा १९७० चा. ह्या शेवटच्या कायद्याचे तिसरे कलम कशाला शोध म्हणू नये, याची यादी देते. २००२ च्या दुरुस्तीने त्या यादीत गणिती वा व्यापारी पद्धती आणि गणनविधी यांच्या पंक्तीस संगणकाची आज्ञावली येऊन बसली. पण तिच्यामागे 'पर से' असे दोन लॅटिन शब्द जोडले गेले. 'स्वतःपुरती', 'निव्वळ' असा त्यांचा अर्थ. निव्वळ आज्ञावलीस पेटंट नाही, म्हणजे निव्वळ नसलेलीस आहे काय? गवळ्याच्या दुधाप्रमाणे आज्ञावलीही क्वचितच निव्वळ असते, हे वकिलांनी लौकरच हेरले. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोगास व यंत्राशी संयोग झालेल्या आज्ञावलीस वाट करून देण्याचा प्रयत्न केला. २००५ च्या अधिनियमात संसदेने ती तरतूद गाळली. पुढे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा अभिप्राय दिला की, तांत्रिक परिणाम साधणारा शोध केवळ आज्ञावलीवर आधारलेला आहे एवढ्याच कारणाने अपात्र ठरत नाही. दोन शब्दांच्या अन्वयावर इतकी वर्षे वाद चालावा, हे पाहून मीमांसकांना परकेपणा वाटणार नाही.

हा वाद कारखानदार व वकील यांच्यापुरता आहे, असे भाषेच्या अभ्यासकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावर अक्षर उमटविणे हेही आज्ञावलीचेच काम होय. आणि मराठीच्या बाबतीत मुक्त व बंद ह्यांतील भेदाची खरी किंमत तेथेच मोजावी लागली. त्यासाठी रोहिणखेडचे नाव घेऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील, घाटाच्या पायथ्याशी वसलेले हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. १४३७ मध्ये बहमनी सैन्याने खानदेशच्या नसीरखानाचा येथे पराभव केला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीसाठी झालेली लढाईही येथेच झाली. त्यामुळे हे नाव फारसी तवारिखांत गेले, इंग्रजी गॅझेटियरात 'रोहनखेड' होऊन रोमी लिपीत बसले. कोणत्याही लिपीने ते लिहून घेताना ना कोणाची अनुज्ञा मागितली, ना कोणास पट्टी भरली. संगणकावर मात्र त्यास काही काळ एकेका टंकाच्या मालकाचे मिंधे व्हावे लागले.

'रोहिणखेड' ह्या नावात अक्षरे पाच : रो, हि, ण, खे, ड. उच्चारात ण आणि ड ह्यांतील अकार लोपतो, आणि ऐकू येणारे वर्ण आठ राहतात : र, ओ, ह, इ, ण, ख, ए, ड. आता 'हि' पाहा. वेलांटी लिहिताना ह च्या आधी येते, उच्चारात मात्र नंतर. संगणकाने कोणता क्रम साठवावा, डोळ्यांचा की कानांचा? ह्या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर आपल्याकडे लौकर सापडले होते. आयआयटी कानपूर येथे १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्र, त्यात मोहन तांबे प्रभृतींनी केलेले काम, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलेली 'इस्की' ही संकेतावली ह्यांनी निर्णय कानांच्या बाजूने दिला. ह आधी, इकार नंतर. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेऊन बसविणे हे यंत्राचे काम. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना एकाच वर्णक्रमाचा सांगाडा देणारी ही संकेतावली प्रातिशाख्यांच्या कर्त्यांनाही पसंत पडली असती. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. त्यामुळे आज 'रोहिणखेड' आठ संकेतांत साठविले जाते, आणि अकारलोपाच्या कृपेने ते आठ संकेत उच्चारातील आठ वर्णांशी एकास एक जुळतात. प्रत्येक शब्द इतका सुदैवी नसतो.

परंतु मधल्या काळात व्यवहार वेगळ्याच वाटेने चालला. विंडोज २००० पूर्वी त्या प्रणालीस देवनागरीच्या जोडणीचे ज्ञानच नव्हते. तेव्हा टंक विकणाऱ्यांनी रोमी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसविले : अर्धा ण, काना, मात्रा, वेलांटी. ज्यास जे घर सोयीचे वाटले त्याने ते घेतले, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी झाली. हिंदी प्रदेशात अतिशय रूढ असलेल्या कृतिदेव टंकाने रोहिणखेड लिहिले, तर संगणकाच्या स्मृतीत काय उरते? धाकटे जे, के, एस, एफ, जी; मग पूर्णविराम, के, डावा चौकोनी कंस, पुन्हा के, एस, आणि शेवटी थोरला एम. आठ वर्णांच्या गावाला अकरा चिन्हे, आणि त्यांत एक विरामचिन्ह व एक कंस! टंक यंत्रात असेतो पडद्यावर निर्मळ देवनागरी दिसते. टंक गेला की गाव गेले. अशा मजकुरात वर्णानुक्रमही लागत नाही. वेलांटी आधी साठविली जात असल्यामुळे ग्रामनामांच्या यादीत चिखली आणि सिंदखेड राजा ही एकमेकांची शेजारी होतात.

ह्यात टंककारांस दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी वाट नव्हती तेथे वाट काढली, आणि मराठी छपाई त्या वाटेवरून दोन दशके चालली. मालकी कशावर असावी, इतकाच प्रश्न आहे. अक्षराच्या वळणावर कारागिराचा हक्क असणे रास्तच आहे. निर्णयसागराच्या जावजी दादाजींनी ओतविलेल्या टाइपांचे सौंदर्य ही त्यांच्या कारखान्याची कमाई होती. परंतु त्यांच्या टाइपांनी छापलेले पुस्तक वाचण्यासाठी वाचकास त्यांचा टाइप विकत घ्यावा लागत नव्हता. खाजगी संकेतावलीत लिहिलेल्या मजकुराचे नेमके तसे होते. वळण मालकीचे असो. वर्णाचे संकेतस्थान मालकीचे असता कामा नये. मुक्तस्रोताचा विचार भाषेच्या क्षेत्रात एवढ्याच मर्यादेपर्यंत मान्य केला, तरी पुरे आहे; मग टंक विकत घ्यावा की मोफत, ते ज्याच्या त्याच्या पेटीवर अवलंबून.

वळणेही मुक्तपणे देणारे लोक आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. रेड हॅटच्या द्वारा प्रसृत झालेला 'लोहित', किंवा मुंबईच्या 'एक टाइप' ह्या संस्थेचा, नावानेच आपली भूमिका सांगणारा 'मुक्त' हे टंक कोणीही घ्यावेत, बदलावेत, पुढे द्यावेत. त्यांच्या अनुज्ञापत्रात एक गमतीचे कलम आहे. टंक दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरसोबत विकता येतो, एकटा विकता येत नाही. म्हणजे मुक्ततेलाही अटी असतात, आणि त्या अटी स्वामित्वहक्काच्याच बळावर उभ्या राहतात. मुक्तस्रोतवाले कायद्याचे शत्रू आहेत, ही वृत्तपत्री समजूत म्हणूनच टिकत नाही. ते कायद्याचे बारकाईने वाचन करणारे ग्राहक आहेत.

पेटंटने अक्षरांच्या मार्गात अडथळा आणल्याचेही एक उदाहरण आहे. ट्रूटाइप टंकात लहान आकाराची अक्षरे पडद्यावर रेखीव दिसावीत म्हणून सूचना भरलेल्या असतात. त्या सूचना अमलात आणण्याच्या काही पद्धतींवर ॲपल कंपनीची पेटंटे होती. 'फ्रीटाइप' हे टंक उमटविणारे मुक्त साधन लिनक्सवर सर्वत्र वापरले जाते. त्याच्या कर्त्यांना त्या सूचना वाचता येत होत्या, पाळण्याची आज्ञावलीही त्यांनी लिहिली होती. परंतु पेटंटांमुळे तो भाग सामान्यतः बंद ठेवावा लागे. त्यांनी सूचनांवाचून अक्षरे सावरणारी स्वतःची वेगळी रीत शोधली. मे २०१० मध्ये पेटंटांची मुदत संपली, आणि त्याच वर्षीच्या जुलैतील आवृत्तीत तो भाग सर्वांसाठी सुरू झाला. स्वयंपाकघरात कृती भिंतीवर टांगलेली, पण चूल पेटवावयाची ती मुदत संपल्यावर!

तथापि पेटंटची दुसरी बाजू न पाहणे एकांगीपणाचे ठरेल. आणि ती बाजू अक्षरांच्याच व्यवसायात एका मराठी माणसाने दाखविली आहे. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे लंडनला गेले आणि टाइप ओतण्याच्या यंत्रावर त्यांनी वर्षानुवर्षे परिश्रम केले. त्यांच्या ह्या उद्योगास सर रतन टाटा यांनी द्रव्यसाहाय्य केले. पुढे भिसे अमेरिकेत गेले. 'भिसोटाइप' हे नाव त्यांच्या यंत्राला लाभले. १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. परदेशात, भांडवलावाचून, परक्या जातीच्या माणसाला मातब्बर छापखानेवाल्यांपुढे उभे राहण्यास पेटंटच्या कागदाशिवाय दुसरा आधार नव्हता. यंत्र हे लोखंडाचे, ते बनविण्यास कारखाना लागतो, कारखान्यास पैसा, आणि पैसेवाल्यास हमी. आज्ञावली बनविण्यास मेज, संगणक आणि रात्रीचा निवांतपणा पुरतो. एकाच कायद्याचे माप दोन्हींस लावले की, एकाला ते अंगरखा होते आणि दुसऱ्याला बेडी.

खुल्या संकेतावलीनेही मराठीचे सगळे प्रश्न सुटले असे नाही. ते सोडविण्यासाठी कोणाच्या दाराशी जावे, एवढे मात्र ठरले. 'ॲ' हे मराठीस नित्य लागणारे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळवून २००८ मध्ये आले. लपेटीच्या र ची कथा अधिक नाजूक आहे. घाटाखालच्या गावाला दऱ्या असतात, दर्या नसतो. आणि वर आलेल्या स्वयंपाकाचे श्रेय आचाऱ्यास द्यावयाचे, आचार्यास नव्हे. हा भेद हिंदीस लागत नाही, मराठीस लागतो. युनिकोडने तो दाखविण्याच्या दोन वाटा ठेवल्या : एक इस्कीतून आलेली, नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडण्याची, दुसरी आपल्याच जुन्या आवृत्तीशी इमान राखण्यासाठी ठेवलेली, साध्या र ला हलन्त व अदृश्य सांधा जोडण्याची. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. स्मृतीत ती भिन्न असतात, आणि शोध घेताना एक सापडते व दुसरे निसटते. मात्र हा दोष खुल्या कागदावर लिहिलेला आहे, म्हणून तो कोणासही दाखविता येतो, आणि दोन्ही रूपे एक करणारी छोटी आज्ञावली कोणताही विद्यार्थी लिहू शकतो. खाजगी टंकातील दोषास हे भाग्य नसते.

विभागांच्या कपाटांत खाजगी टंकांत लिहिलेले प्रबंध, बोलींची संकलने आणि शब्दसूची पुष्कळ असतात. वऱ्हाडीतील 'काया' आणि 'डोया' ही रूपे नोंदवून ठेवणारी एखादी सूची टंकाअभावी वाचता येईनाशी झाली, तर बोलीचे जे नुकसान होते ते पेटंटच्या कोणत्याही दाव्यात मोजले जात नाही. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी कोष्टके रूढ टंकांसाठी उपलब्ध आहेत. ती वापरताना प्रथम टंकाचे नाव व आवृत्ती निश्चित करावी, मूळ प्रत जपून ठेवावी, आणि वेलांटी, रफार व लपेटीचा र ह्या तीन स्थळी हाताने तपासणी करावी. कारण लेखनाचा क्रम आणि उच्चाराचा क्रम ह्यांची फारकत तेथेच होते, किंवा र ची दोन रूपे तेथेच एकमेकांत मिसळतात. 'रोहिणखेड' ह्या रूपांतरातून बहुधा सुखरूप उतरते; 'आचाऱ्यास' मात्र एकदा डोळ्यांखालून घालावे लागते.